घर्षण आणि कोलकात्याची ट्राम

माझा विषय इतिहास. परंतु विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की आठवीचा तास कधी कधी माझ्याकडे येतो. अशाच एका तासाला मी विचारले, "घर्षण नसते तर काय झाले असते?" उत्तरे भराभर आली. पाय घसरला असता, खडू फळ्यावर उमटला नसता, दोरीची गाठ टिकली नसती. मग मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "बाई, मग यंत्राला तेल का घालतात? घर्षण चांगले की वाईट?" तिला त्या दिवशी नीटसे उत्तर देता आले नाही. ते उत्तर हीरक महोत्सवाच्या निमित्ताने येथे मांडते. ते मला इतिहासात सापडले, आणि तेही कोलकात्याच्या रस्त्यावर.

आपल्या आज्या-पणज्यांना हे द्वंद्व ठाऊक होते. बैलगाडीचा कणा कुरकुरू लागला की त्याला वंगण घालत. पण जाते गुळगुळीत होऊन दाणे भरडेनासे झाले की त्याला टाकी लावून घेत. एके ठिकाणी घर्षण कमी करायचे, दुसऱ्या ठिकाणी ते मुद्दाम वाढवायचे. कोठे काय करावे, हे ओळखण्यातच शहाणपण होते.

24 फेब्रुवारी 1873 रोजी कोलकात्यात सियालदहपासून आर्मेनियन घाटापर्यंत घोड्यांची ट्राम धावली. रुळांचा हेतू घर्षणाशीच निगडित होता. मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यात चाक थोडे रुतते आणि ओढणाऱ्याची बरीच शक्ती त्यातच खर्च होते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे तेच जनावर साध्या रस्त्यावरच्यापेक्षा कितीतरी अधिक ओझे ओढू शकते. तरीही पुरेसे उतारू न मिळाल्याने ही सेवा त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला बंद पडली. पुढे 1880 मध्ये कलकत्ता ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि 1 नोव्हेंबर 1880 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते नव्या मार्गाचे उद्घाटन झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कंपनीजवळ 166 गाड्या, सुमारे 1000 घोडे आणि 19 मैलांचे रूळ होते. 27 मार्च 1902 रोजी एस्प्लनेड ते खिदिरपूर विजेची ट्राम सुरू झाली आणि घोड्यांची सुटका झाली.

विजेने ओढ वाढली, पण एक नवी गरजही पुढे आली. घोडा आपल्या टापा रस्त्यावर रोवून गाडी ओढतो. विजेच्या ट्रामला मात्र चाकाने रुळालाच धरून पुढे जावे लागते. ज्या गुळगुळीतपणामुळे गाडी हलकी चालते, त्याच गुळगुळीतपणावर पकडही मिळवायची! चाक आणि रूळ यांचा स्पर्श एखाद्या नाण्याएवढाच असतो. परंतु फ्रान्सच्या अमाँताँ या शास्त्रज्ञाने 1699 मध्येच दाखवले होते, की घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नव्हे, तर दाबावर ठरते. म्हणून जड ट्रामला तेवढा स्पर्श पुरतो. पावसाने रूळ ओले झाले, त्यांवर चिखल किंवा तेल साचले, की ही पकड सुटते. अशा वेळी चाकापुढे वाळू सोडण्याची सोय ट्रामगाड्यांत असते. म्हणजे आसाला वंगण आणि रुळाला वाळू! आपल्या आजीचेच शहाणपण.

या हलकेपणाची किंमतही आहे. कोरड्या रुळावरही पोलादी चाकाची पकड डांबरी रस्त्यावरील रबरी चाकाच्या निम्म्याहून कमी असते. म्हणून ट्रामला थांबायला अधिक अंतर लागते, आणि वळून बाजूला होणे तिला शक्यच नसते. बंगालीतील थोर कवी जीवनानंद दास 14 ऑक्टोबर 1954 रोजी कोलकात्यात ट्रामच्या धडकेने जखमी झाले आणि 22 ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. घर्षण कमी असणे म्हणजे केवळ सोय नव्हे, एवढे भान या घटनेने आपल्याला यावे.

'घर्षण' आणि 'संघर्ष' हे दोन्ही शब्द 'घृष्' या एकाच धातूपासून आले आहेत. ट्रामच्या इतिहासात दोन्ही भेटतात. जुलै 1953 मध्ये कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवले. एक पैसा तो काय, असे कोणास वाटेल. पण रोज कामावर जाणाऱ्या गरिबाच्या खिशाला तो एक पैसाही बोचला. सारे शहर पेटून उठले आणि अखेर भाडेवाढ स्थगित करावी लागली. अन्यायापुढे माणसे गुळगुळीत झाली असती, तर तो पैसा निमूटपणे दिला गेला असता.

मुंबईची ट्राम 9 मे 1874 रोजी सुरू झाली आणि 31 मार्च 1964 रोजी बंद झाली. आपल्या पहिल्या तुकडीतील अनेकांनी बालपणी तिची घंटा ऐकली असेल. कोलकात्याची ट्राम मात्र टिकली आणि 2023 मध्ये तिला दीडशे वर्षे पूर्ण झाली. सप्टेंबर 2024 मध्ये मैदान ते एस्प्लनेड हा वारसा-मार्ग वगळता ती बंद करण्याचा निर्णय तेथील परिवहनमंत्र्यांनी जाहीर केला. ती संथ आहे, वाहतुकीला अडथळा होते, हे त्यामागचे कारण. तिला टिकवू पाहणारे नागरिक सांगतात, की ती धूर सोडत नाही आणि थोड्या शक्तीत पुष्कळ माणसे वाहून नेते.

हे वाचताना मला आपल्या शाळेची आठवण होते. मराठी माध्यमाची शाळाही पुष्कळांना संथ, काळाच्या वाटेतला अडथळा वाटते. मुलाची वाट गुळगुळीत असावी, ही पालकांची इच्छा मी समजू शकते. शिकवणी, तयार उत्तरे, पाठोपाठ मदत हे सारे वंगणच आहे. परंतु गुळगुळीत जमिनीवर कोणालाच चालता येत नाही. न सुटणारे गणित, पुन्हा लिहायला लावलेला निबंध, मैदानातली हार या आमच्या टाक्या आहेत. साठ वर्षे आमचे शिक्षक स्वतः झिजले आणि मुलांच्या पायाखाली पकड देत राहिले.

त्या मुलीला आता उत्तर देता येईल: बाळ, घर्षण चांगलेही नाही आणि वाईटही नाही. कोठे वंगण घालावे आणि कोठे टाकी लावावी, हे ज्याला कळले, तो शिकला.