दोन शहरे, एक सूर्य

नकाशा हा मोठा उपयुक्त शिक्षक खरा. परंतु तो जे सांगत नाही, तेही त्याने सांगितलेच आहे असे मानणारा विद्यार्थी हमखास फसतो. मुंबई आणि पुणे ही शहरे नकाशावर फारशी खालीवर दिसत नाहीत. तथापि मुंबईस वर्षाकाठी पुण्याच्या सुमारे तिप्पट पाऊस पडतो. मध्ये उभ्या असलेल्या सह्याद्रीची ज्यास ओळख नाही, त्यास हे कसे उमजावे? आपणांस ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते, म्हणून तिचे नवल वाटत नाही. पण अशीच एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे युरोपीय दर्यावर्दी लोकांस केवढी किंमत द्यावी लागली, हे पाहावयाचे असेल, तर पॅरिस आणि कॅनडातील क्वेबेक या दोन शहरांच्या हवामानाची तुलना करावी.

पॅरिस सुमारे ४८.९ उत्तर अक्षांशावर आहे, तर क्वेबेक ४६.८ वर. म्हणजे क्वेबेक दोन अंश दक्षिणेस, आणि सूर्य त्यास किंचित अधिकच अनुकूल. प्राचीन ग्रीक लोक पृथ्वीचे जे आडवे पट्टे पाडीत, त्यांस ते ‘क्लिमा’ म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ उतार किंवा कल असा असून इंग्रजीतील ‘क्लायमेट’ हा शब्द त्यावरूनच आला. सूर्यकिरणांचा कल सारखा, तर हवाही सारखी, ही समजूत शब्दाच्या पोटातच दडलेली होती. आणि १६व्या शतकातील युरोपीय मनुष्य बहुधा तीच शिदोरी बांधून पश्चिमेस निघे.

१५३५ साली झाक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी तीन जहाजे घेऊन सेंट लॉरेन्स नदीत शिरला. सप्टेंबर महिना होता. नदीतील एका बेटावर रानद्राक्षांचे वेल इतके दिसले, की त्याने त्या बेटास बॅकस या मद्यदेवतेचेच नाव दिले. हल्लीच्या क्वेबेकच्या जागी तेव्हा स्टाडाकोना नावाचे गाव होते व दोन्नाकोना हा तेथील प्रमुख होता. कार्तिएने आणखी वर, होशेलागा गावी जाऊ नये, अशी त्याची इच्छा होती. म्हणून त्याच्या लोकांनी तिघांस सैतानाची सोंगे देऊन नावेतून पाठविले, आणि पुढे एवढे बर्फ व हिम पडेल की सर्वजण मरतील, असा आपल्या देवाचा निरोप ऐकविला. फ्रेंच मंडळी हसली. निरोपामागे स्वार्थ होता हे उघड आहे. पण थंडीची गोष्ट मात्र सोंग नव्हते.

नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत जहाजे बर्फात जखडून पडली. त्यातच स्कर्व्हीची साथ आली: पाय सुजत, हिरड्या कुजत, दात गळत. फेब्रुवारीच्या मध्यास ११० माणसांपैकी धडधाकट अशी दहाही उरली नव्हती. अखेर २५ जण दगावले. बाकीचे वाचले ते दोमागाया या दोन्नाकोनाच्या पुत्रामुळे. त्याने ‘अनेद्दा’ नावाच्या झाडाची साल व पाने उकळून त्यांचा काढा घेण्यास सांगितले, आणि थोड्याच दिवसांत रोगी उठून चालू लागले. या उपकाराची फेड कशी झाली? १५३६ च्या मे महिन्यात कार्तिएने दोन्नाकोनास त्याच्या पुत्रांसह पकडून फ्रान्सला नेले. दोन्नाकोनास आपला देश पुन्हा दिसला नाही.

याहून खेदाची गोष्ट अशी, की ते ज्ञानही टिकले नाही. कार्तिएचा वृत्तांत छापला गेला; पण ते झाड नेमके कोणते, हे दाखविणारे कोणी उरले नाही. १६०८ साली शांप्लेनने त्याच जागी क्वेबेक वसविले. पहिल्या हिवाळ्यास सामोऱ्या गेलेल्या २८ जणांपैकी वसंत ऋतू पाहण्यास ८ जण उरले.

या कोड्याची शास्त्रीय मांडणी होण्यास १८१७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट याने सरासरी उष्णमान समान असलेली स्थळे रेषांनी जोडून दाखविली. या समताप रेषा अक्षांशांस समांतर जात नाहीत. पश्चिम युरोपात त्या उत्तरेकडे उचलतात व अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दक्षिणेकडे झुकतात. कारण असे, की या अक्षांशांवर वारे मुख्यतः पश्चिमेकडून वाहतात. पॅरिसला येणारा वारा अटलांटिक महासागरावरून येतो, आणि उन्हाळ्यात साठविलेली उष्णता सागर हिवाळ्यात त्याच्या स्वाधीन करतो. क्वेबेकला येणारा वारा मात्र गोठलेल्या भूखंडावरून येतो. म्हणून जानेवारीत पॅरिसचे सरासरी उष्णमान शून्यावर चार-पाच अंश सेल्सिअस असते, तर क्वेबेकचे शून्याखाली सुमारे बारा अंश. जुलैत मात्र दोन्ही शहरे विसाच्या आसपास असतात. परक्या पाहुण्याची फसगत होते ती येथेच: उन्हाळा ओळखीचा भेटला, की हिवाळाही ओळखीचाच येईल असे त्यास वाटते.

कार्तिएस मूर्ख ठरविण्याचा आपणांस अधिकार नाही. त्याच्या काळचे पुस्तकी ज्ञान जेवढे सांगू शकत होते, तेवढे तो जाणत होता. त्याची चूक निराळी होती. त्या भूमीच्या हिवाळ्याविषयीचा खरा ग्रंथ तेथील माणसांच्या अनुभवात होता. त्यांचा इशारा त्याने हसण्यावारी नेला, त्यांच्या औषधाने आपले प्राण वाचविले, आणि शेवटी तो ग्रंथच उचलून परदेशी नेला, जेथे तो वाचणारे कोणी नव्हते. हुम्बोल्टच्या रेषांनी नकाशातील उणीव भरून काढली खरी. परंतु ज्यांनी त्या रेषा शतकानुशतके अंगावर सोसल्या होत्या, त्यांस वेळीच विचारले असते, तर शांप्लेनच्या त्या वीस माणसांतील कित्येकांनी वसंत ऋतू पाहिला असता.