नखाएवढी पेन्सिल आणि दीडशे वर्षं जुना प्रश्न

आजचा विषय नखाएवढा आहे. अक्षरशः नखाएवढा.

मनकवड्याचा खेळ तुम्ही रील्समध्ये शंभरदा पाहिला असेल. तो एका कार्डावर काहीतरी लिहितो, कार्ड छातीशी धरतो, पेन बाजूला ठेवतो. मग विचारतो, "एक ते शंभरमधला कुठलाही आकडा सांग." समोरचा म्हणतो, सदुसष्ट. कार्ड वळतं. ६७! मित्र ओरडतात, कॅमेरा हलतो, व्हिडिओ संपतो.

हे करायची एक जुनी रीत अशी: सुरुवातीला त्याने आकडा लिहिलाच नव्हता, नुसतं सोंग केलं होतं. समोरच्याने आकडा सांगितल्यावर, कार्ड हातात असतानाच, अंगठ्याला लावलेल्या बारीक टोकाने त्याने तो लिहिला. या टोकाला 'नेल रायटर' म्हणतात. याचं दुसरं नाव आहे 'स्वामी गिमिक'. हो, स्वामी. आपलाच शब्द!

आता कोणी म्हणेल, अरे, गुपित फोडलंस की! पण हे गुपित साठ वर्षांहून जास्त काळ छापील पुस्तकात आहे, आणि जादू शिकणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. आपल्याला बघायचंय ते वेगळंच. असं टोक निवडायचं कसं, हा साधा दुकानातला प्रश्न वाटतो. पण अशाच प्रकारच्या युक्तीमुळे एकदा कोर्टात खटला उभा राहिला होता, आणि त्या खटल्यात चार्ल्स डार्विन एका बाजूला होता, तर आल्फ्रेड रसेल वॉलेस दुसऱ्या बाजूला.

लंडन, १८७६: पाटीवर लिहिणारा आत्मा

हेन्री स्लेड नावाचा अमेरिकन माणूस १८७६ च्या उन्हाळ्यात लंडनला आला. तो स्वतःला मीडियम म्हणवायचा, म्हणजे मेलेल्यांशी संपर्क साधून देणारा. एका बैठकीची फी एक पौंड. पद्धत ठरलेली. तो शाळेत असते तशी दगडी पाटी घ्यायचा, तिच्यावर पेन्सिलीचा छोटासा तुकडा ठेवायचा आणि पाटी एका हाताने टेबलाच्या खाली धरायचा. थोड्या वेळाने खरखर आवाज यायचा. पाटी वर आली की तिच्यावर मजकूर! स्लेड सांगायचा, हे माझ्या वारलेल्या बायकोच्या आत्म्याने लिहिलंय.

त्याच्याकडे कोण जायचं, याचा विचार करा. कोणाचं मूल गेलेलं, कोणाचा नवरा गेलेला. त्या खरखरीत त्यांना आपलं माणूस ऐकू यायचं.

सप्टेंबरमध्ये रे लँकेस्टर नावाचा २९ वर्षांचा प्राणिशास्त्रज्ञ डॉक्टर मित्राला घेऊन तिथे गेला. त्याचा अंदाज असा होता की पाटी धरलेल्या हाताचंच एक बोट लिहितंय, आणि लांब मजकूर तर आधीच लिहून ठेवलेला असतो. मग त्याने काय केलं? 'आत्मा' लिहायला सुरुवात करायच्या आधीच पाटी हिसकावली. मजकूर तयारच होता.

लँकेस्टरने 'द टाइम्स'ला पत्र लिहिलं आणि प्रकरण लंडनच्या बो स्ट्रीट कोर्टात गेलं. खटल्याच्या खर्चासाठी डार्विनने १० पौंड दिले. आणि स्लेडच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहिला वॉलेस, म्हणजे उत्क्रांतीचं तेच तत्त्व डार्विनपासून स्वतंत्रपणे मांडणारा शास्त्रज्ञ. तेव्हाचे नामांकित जादूगार मास्केलाइन यांनी अशा पाट्यांच्या युक्त्या कशा चालतात ते कोर्टाला समजावून सांगितलं.

स्लेडला १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्याखाली तीन महिने सक्तमजुरी झाली. पण अपिलात तो सुटला, कारण काय, तर निकालाच्या कागदावर कायद्यातले काही शब्द लिहायचे राहून गेले होते! पुन्हा खटला होण्याआधीच तो इंग्लंड सोडून निघून गेला.

डेव्हीचा प्रयोग: आपली आठवण कुठे गळते?

मंडळी, हा भाग नीट ऐका, कारण आजच्या एपिसोडचा जीव इथे आहे.

एस. जे. डेव्ही नावाच्या तरुणावर १८८४ मध्ये अशाच एका मीडियमची छाप पडली. मग त्याला शंका आली, आणि तो स्वतःच पाटीच्या युक्त्या शिकला. रिचर्ड हॉजसन या संशोधकासोबत त्याने बैठका घेतल्या. अट एकच: आलेल्या लोकांनी आपण काय पाहिलं ते नंतर सविस्तर लिहून द्यायचं. माणसं शिकलेली होती आणि प्रामाणिकपणे लिहीत होती. त्यांचे अहवाल १८८७ मध्ये सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने छापले.

त्यात काय दिसलं? लोकांनी घटनांचा क्रमच बदलला होता. पाटी क्षणभर नजरेआड झाली होती, पण अहवालात लिहिलेलं, "पाटी पूर्ण वेळ माझ्यासमोर होती." मधला फालतू वाटणारा क्षण गायब. आणि युक्ती नेमकी त्याच क्षणी झालेली!

डेव्ही स्वतः सांगत होता की हे सगळं हातचलाखी आहे, तरी काहींना ते पटेना. तुमच्यात खरी शक्ती आहे, तुम्हालाच ती कळत नाहीये, असं म्हणणारे निघाले. त्यांच्यात पुन्हा वॉलेस होताच.

म्हणजे अंगठ्यावरचं टोक काम करतं ते आपल्या 'आधी' आणि 'नंतर'च्या आठवणीवर. 'त्याने आधी लिहिलं, मी नंतर बोललो' हे आपण पाहिलेलं नसतं. आपण ते नंतर मनात जुळवलेलं असतं.

पगडी आली, स्वामी आला

१८९३ मध्ये शिकागोच्या धर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, आणि 'स्वामी' हा शब्द अमेरिकी वर्तमानपत्रांत दिसू लागला. पुढे रंगमंचानेही तो उचलला, पण स्वस्त अर्थाने. पगडी, रोखलेली नजर आणि 'पूर्वेकडचं गूढ ज्ञान'. क्लॉड अलेक्झांडर कॉनलिन हा अमेरिकेतच जन्मलेला माणूस पोस्टरवर पांढरी पगडी घालून झळकायचा. पोस्टरचा दावा एवढाच, की याला सगळं कळतं. आपल्याकडच्या कुठल्या मठाशी त्याचं नातं असायची गरजच नव्हती. तिकीट पगडीवर खपत होतं.

अंगठ्यावरच्या टोकाला 'स्वामी'चं नाव चिकटलं ते याच वातावरणात. मग लंडनमध्ये जादूचं दुकान चालवणाऱ्या टोनी कॉरिंडाने मनकवडेपणावर तेरा पुस्तिका काढल्या. १९६१ मध्ये त्या एका ग्रंथात एकत्र आल्या, आणि मेंटलिझम शिकणारे आजही तिथूनच सुरुवात करतात. त्यातला पहिलाच धडा कशावर आहे? स्वामी गिमिकवर.

मग टोक निवडायचं कसं?

दोन मुख्य प्रकार आहेत. एक नखाच्या कडेला बसतं. दुसरं अंगठ्याच्या गादीवर, म्हणजे आपण ठसा उमटवतो त्या भागावर. गादीवर जोर चांगला मिळतो, पण मग त्या अंगठ्याने दुसरं काही धरायची पंचाईत, कारण जिथे टेकेल तिथे डाग. नखाकडचं जास्त मोकळं असतं, पण अक्षर काबूत यायला सराव लागतो.

दुसरी गोष्ट, आवाज. स्लेडला खरखर हवीच होती, कारण तोच त्याचा 'आत्मा'. हातभर अंतरावर बसलेल्या चार जणांसमोर खेळ करणाऱ्याला तीच खरखर बुडवते. म्हणून कागद कसा, टोक कसं, आणि त्या क्षणी आपण बोलतोय की गप्प आहोत, हे सगळं आधी ठरवावं लागतं.

तिसरी गोष्ट, मजकूर किती. अंगठा एखादा आकडा, एखादी खूण किंवा गोल काढू शकतो. निबंध नाही! म्हणून बाकीचं वाक्य उघडपणे पेनने लिहायचं आणि आकड्याची जागा रिकामी सोडायची. पण मग पेनचं अक्षरही अंगठ्याच्या अक्षराइतकंच वाकडं काढावं लागतं.

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. टोकाने आपल्या काळासोबत राहायला हवं. स्लेडच्या काळात घरोघरी पाटी होती, तेव्हा पाटीवरची पेन्सिल चालली. मग शिसपेन्सिलीचा जमाना आला. २९ ऑक्टोबर १९४५ ला न्यूयॉर्कच्या गिंबेल्स दुकानात बॉलपेन विक्रीला आलं, किंमत साडेबारा डॉलर. १९६४ मध्ये शार्पी मार्कर आला. आज कोणी खिशातून शिसपेन्सिल काढली तर तुम्ही लगेच म्हणाल, हे काय? म्हणून आज शाईची आणि मार्करची टोकंही निघालीत. नियम सोपा आहे: समोरच्याला ज्याचं नवल वाटणार नाही, तेच निवडायचं.

कायद्याने ओढलेली रेष

आता पुन्हा बो स्ट्रीटच्या प्रश्नाकडे येऊ. स्लेडची युक्ती आणि आजच्या कलाकाराची युक्ती आतून जवळजवळ सारखीच आहे. मग एक गुन्हेगार आणि दुसरा टाळ्यांचा धनी, असं कशामुळे?

ब्रिटनने १९५१ मध्ये भोंदू मीडियमविरुद्ध नवा कायदा केला. त्यात एक सूट स्पष्ट लिहिली: जे केवळ करमणुकीसाठी केलंय, त्याला हा कायदा लागू नव्हता (तो २००८ मध्ये रद्द झाला). वस्तू कुठली वापरली, याने फरक पडत नाही. लोकांना काय सांगितलं, याने पडतो.

महाराष्ट्रात आपण हीच रेष ओढली, पण तिची किंमत फार मोठी होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी, शाळाशाळांत 'चमत्कार' करून दाखवायचे आणि लगेच त्यामागची युक्ती सांगायचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. जादूचे प्रयोग करणाऱ्याला त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणि शेवटचं, तुमच्या हातातल्या फोनबद्दल. तुम्ही म्हणाल, डेव्हीच्या वेळी लोक विसरायचे, आम्ही तर व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघू शकतो. बघा ना! पण व्हिडिओत तो फालतू वाटणारा क्षण आहे का, की तो कापलाय, की कॅमेरा तेव्हा मित्राच्या चेहऱ्यावर होता? तुमचं विसरण्याचं काम आता एडिटिंग करतं.

म्हणून पुढच्या वेळी कोणी मनातलं ओळखलं की खुशाल टाळ्या वाजवा, मजा घ्या. पण तोच माणूस तुमच्या आजीला तिच्या गेलेल्या माणसाचा निरोप सांगायला लागला आणि त्याचे पैसे मागायला लागला, तर थांबवा. त्याच्या अंगठ्यावर काय आहे ते शोधत बसायची गरज नाही. तो काय म्हणतोय, तेवढं ऐका.

तुमच्या गावात असा 'चमत्कार' कोणी पाहिलाय का? आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!