सरंजाम

दिवाळी आली की आमच्या घरी ‘सरंजाम’ हा शब्द दिवसातून दहादा कानी पडतो. पूजेचा सरंजाम काढला का, फराळाचा सरंजाम आणला का! पेशवाईच्या दप्तरात मात्र हाच शब्द मोठ्या भारदस्त अर्थाने येतो. चाकरीबद्दल वा स्नेहाखातर एखाद्यास गावांचा वसूल लावून द्यावयाचा, तो सरंजाम. गाव सरकारचेच, उत्पन्न तेवढे त्याचे. या शब्दाचा कीस एकदा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पंधरा न्यायमूर्तींपुढे निघाला होता.

हकीकत अशी. १७७९ साली पेशवे व पोर्तुगीज यांच्यात पुण्याचा तह झाला. सवाई माधवराव तेव्हा अवघे पाच वर्षांचे. कारभार नाना फडणीसांचा. पोर्तुगीजांना दमणच्या बाजूस बारा हजार रुपयांचा वसूल देण्याचे ठरले, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी दादरा-नगरहवेलीची गावे त्यासाठी नेमून दिली गेली. पुढे १८१८ त पेशवाई बुडाली. गावे पोर्तुगीजांकडेच राहिली.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टात स्वयंसेवकांनी ती मुक्त केली. आपले सुधीर फडके त्यांत होते. दमणहून तेथे जाण्याचा हक्क भारताने डावलला, अशी फिर्याद पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगला गुदरली. पेशव्यांनी आम्हांस राज्यच दिले होते, हा त्यांचा दावा. मग तहाच्या एकाच कलमाची निरनिराळी भाषांतरे न्यायासनापुढे आली!

१२ एप्रिल १९६० चा तो निकाल वाचताना परमुलखात घरचे माणूस भेटावे तसे मला झाले. ‘जहागीर’, ‘सरंजाम’ हे शब्द तेथे जसेच्या तसे आहेत. न्यायालय म्हणते, मराठ्यांना राज्य द्यावयाचे असे तेव्हा ते तसे स्पष्ट लिहीत. येथे दिला तो नुसता वसूल.

शब्द जिंकला खरा. पण इंग्रज आले तेव्हा पोर्तुगीज तेथे पुरा अंमल गाजवीत होते. इंग्रजांनी तो चालू दिला, मागाहून भारतानेही. सबब त्यांचे स्वामित्व मुकाट्याने मान्य झाले, असेही न्यायालयाने ठरविले. नानांनी जे दिले नव्हते ते इंग्रजांच्या मौनाने मिळाले! मला हे अजून खटकते.

माणसे व माल नेण्याचा हक्क अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य झाला. तरी भारताने आगळीक केली नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. सैन्य नेण्याचा हक्क नाकारला गेला तो आठ विरुद्ध सात मतांनी. अवघ्या एका मताने! पुढच्याच वर्षी, १९६१ त, ती गावे भारतात रीतसर सामील झाली.