राक्षस तयार करायचा कसा? धयकाल्याच्या रंगपटातून

आजच्या भागात दोन खेळांची गाठ घालायची आहे. एक १९७४ साली अमेरिकेत छापला गेला. दुसरा आपल्या मालवण-कुडाळ-वेंगुर्ल्याच्या देवळांसमोर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. दोन्हींत प्रश्न एकच: आज रात्री राक्षस येणार आहे, त्याची तयारी काय करायची?

पहिला खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तो रचला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो. गेम मास्टर म्हणजे त्यातला सूत्रधार. गोष्ट तो पुढे नेतो आणि उरलेली सगळी पात्रं, राक्षसांसकट, तोच वठवतो. संवाद लिहिलेले नसतात. काय साधलं, काय फसलं ते फासे ठरवतात. पहिल्या संचातल्या तीन पुस्तिकांपैकी एक राक्षस आणि खजिना यांवरच होती. पुढे १९७७ मध्ये 'मॉन्स्टर मॅन्युअल' हा राक्षसांचा कोशच निघाला. त्यात 'राक्षस' याच नावाचा एक प्राणी आहे, वाघाच्या तोंडाचा! ओळखीच्या माणसाचं रूप घ्यायची त्याची खोड आणि मंतरलेल्या बाणाने येणारं मरण, हे गायगॅक्सने 'कोलचॅक' नावाच्या अमेरिकन टीव्ही मालिकेतून उचललं होतं.

मीही मित्रांसाठी गेम मास्टर होतो, आणि या खेळातली एक अडचण सगळेच सांगतात. नवा गेम मास्टर राक्षसाची भाषणं पानंच्या पानं लिहून आणतो. खेळणारे मात्र भलतंच काहीतरी विचारतात आणि ती पानं बाजूला पडतात. मग तयारी करायची तरी कशाची?

याचं उत्तर मला आपल्या दशावतारात दिसतं. पावसाळा सरला, जत्रा सुरू झाल्या की मंडळं गावोगाव निघतात. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, चेंदवणकर, आजगावकर... नावातच गाव. रंगमंचावर सामान किती? एक लाकडी बाक. तोच सिंहासन, तोच डोंगर. बाजूला हार्मोनियम, मृदंग आणि झांज. आणि संहिता? नाहीच. रंगपटात पुरुष नट आपापला रंग आपणच लावतात, स्त्रीपात्रंसुद्धा. रंग लावता लावताच बोलणं होतं: आज आख्यान कुठलं, कोण कुणाचा मुलगा, कुणाचं कुणाशी वैर, कुठल्या प्रसंगानंतर कोण आत येणार. बस्स. बाकी सगळं समोरच्याचं वाक्य ऐकून, तिथल्या तिथे.

आता त्या राक्षसाकडे बघा. त्याच्याबद्दल आधी काय ठरलेलं असतं? पहिली गोष्ट म्हणजे त्याचा वर. हिरण्यकशिपूने मागून घेतलं की माणसाकडून मरण नको, जनावराकडून नको, घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, शस्त्राने नको. म्हणून नरसिंह येतो तो संध्याकाळी, उंबरठ्यावर, नखं घेऊन. रावणाने वर मागताना माणसांना मोजलंच नाही. भस्मासुराचा वर तर त्याच्याच डोक्यावर आला. आपल्या पुराणांत राक्षसाचं बळ आणि त्याची फट एकाच वाक्यात असते. कुठल्याही गेम मास्टरला याहून नेमका आराखडा मिळणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याला काय हवंय. पूर्वरंगात, म्हणजे 'आड दशावतारा'त, गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती यांच्या मागून संकासुर येतो. काळा पेहराव, काळा मुखवटा, लोंबणारी लाल जीभ. लहान पोरं आईच्या पदराआड जातात. पण तो तोंड उघडतो आणि मालवणीत अशी फिरकी घेतो की तीच पोरं हसायला लागतात. त्याला सोनं नकोय, राज्य नकोय. तो ब्रह्मदेवाचे वेद चोरतो. हेतू एवढा स्पष्ट असला की नटाला पाठांतर लागत नाही. विष्णूने काहीही विचारलं तरी संकासुर काय बोलेल हे त्याला आतून कळतं.

ही रीत एके काळी शहरी नाटकातही होती. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. तिथेही सूत्रधार पदं म्हणे आणि पात्रं गद्य संवाद उत्स्फूर्तपणे बोलत. आरडाओरडा करत येणाऱ्या राक्षसांमुळे त्या नाटकांना 'अललडुर्र' म्हणत. पुढे लिहिलेली, छापलेली नाटकं आली आणि शहरातल्या रंगभूमीवरून ही कला हळूहळू गेली. धयकाल्यात ती टिकली.

आज जत्रेच्या बॅनरवर 'ट्रिकसीनयुक्त' असं मोठ्या अक्षरांत दिसतं. धूर, दिवे, हवेत उडणारी पात्रं. लोकांना आवडतं, त्यात वाईट काही नाही. माझी काळजी वेगळी आहे. धूर विकत मिळतो. रंगपटातलं ते बोलणं मिळत नाही. वंशावळ, वर, वैर हे सगळं तोंडपाठ असलेला जाणता नट शेजारी बसलेला असतो म्हणून नवा पोरगा न घाबरता बाकासमोर उभा राहतो. ती बैठक तुटली, तर मुखवटा तेवढा उरेल आणि संकासुर मुका होईल.

दोन्ही खेळांत एक फरक मात्र मोठा आहे. टेबलावर निकाल फाशांच्या हातात. दशावतारात राक्षस हरणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी माणसं थंडीत पहाटेपर्यंत, दहीहंडी फुटेपर्यंत बसतात. तो कसा हरतो, हरण्याआधी देवाला काय सुनावतो, मृदंगाच्या ठेक्यावर किती वेळ झुंजतो, हे बघायला.

तेव्हा तुमच्यातल्या गेम मास्टर मंडळींनी पुढच्या वेळी वहीत तीनच ओळी लिहाव्यात: याला काय हवंय, याचा वर कोणता, आणि त्या वराला फट कुठे. बाकीचं समोरच्या माणसांवर सोडा. आणि या हंगामात जवळची एखादी जत्रा गाठा. जरा लवकर जा; पूर्वरंग चुकवू नका.

भेटू पुढच्या भागात.