अमेरिकन पिकअपचे दीर्घायुष्य : लोखंडाचे की हाताचे?



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. अवजारांचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. वास्तविक नांगर, मोट, माग आणि बैलगाडी यांनी माणसाच्या संसाराला जेवढे वळण लावले, तेवढे पुष्कळशा राजांनीही लावले नसेल. आज अशाच एका अवजाराची हकीकत आपणांपुढे मांडावयाची आहे. अमेरिकेतील माँटाना, वायोमिंग, न्यू मेक्सिको अशा कोरड्या हवेच्या राज्यांत, साठ-सत्तर वर्षांपूर्वी बांधलेले पिकअप ट्रक आजही शेतांवर व गुरांच्या कुरणांवर राबताना आढळतात. रंग उडालेला असतो, पत्रा चेपलेला असतो. परंतु गवताचे भारे आणि कुंपणाचे खांब वाहण्याचे काम चालूच असते. हे टिकाऊपण आले कोठून? त्या काळचे लोखंडच निराळे होते, असे सोपे उत्तर लोक देतात. ते कितपत खरे आहे, याचा आपण विचार करू.

पिकअप म्हणजे पुढे दोघातिघांना बसण्यापुरती जागा, मागे उघडा साटा, आणि साट्याला मागच्या अंगाने खाली पाडता येणारी फळी. ही गाडी प्रथम कारखान्यात जन्मलीच नाही. ती शेतकऱ्याच्या अंगणात जन्मली. हेन्री फोर्डने १९०८ साली ‘मॉडेल टी’ ही मोटर काढली. १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटी गाड्या बनल्या. खेड्यातल्या शेतकऱ्याने ती घेतली आणि थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात आले की, मागची बैठक काढून तेथे लाकडी पेटी ठोकली तर बाजाराला अंडी, बटाटे, दुधाचे कॅन नेता येतात. मागचे चाक उचलून त्याला पट्टा लावला तर करवत चालते, पंप चालतो. गिऱ्हाईक काय करीत आहे हे पाहून फोर्ड कंपनीने १९२५ साली तशी पेटी बसविलेली गाडी स्वतःच विकावयास काढली. किंमत होती २८१ डॉलर. पिकअपच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा स्वभाव या जन्मकथेत दिसून येतो. जी वस्तू वापरणाऱ्याने प्रथम स्वतःच्या हाताने बदलली, तिच्यावर हात चालविण्याचा त्याचा हक्क कंपनीनेही मान्य केल्यासारखा झाला.

आता तिची बांधणी पाहू. तळाशी दोन लांब पोलादी तुळया व त्यांना जोडणारे आडवे दांडे, म्हणजे जणू आडवी ठेवलेली शिडी. या सांगाड्यावर इंजिन, बैठक आणि साटा असे तीन वेगवेगळे भाग बोल्टांनी बसविलेले. साटा मोडला तर तेवढाच उतरवावा. बैठकीचा पत्रा सडला तर दुसऱ्या मोडीत निघालेल्या गाडीचा आणून चढवावा. मागे पोलादी पाटे आणि एकसंध आस. शेव्हरोले कंपनीच्या जुन्या पिकअपमध्ये साट्याचा तळ लाकडी फळ्यांचा असून फळ्यांच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या असत. फळी कुजली तर गावचा सुतार नवी घालून देई. त्यासाठी कंपनीच्या दाराशी जाण्याचे कारण नव्हते.

इंजिनाचीही तीच तऱ्हा. शेव्हरोलेने १९२९ साली सहा नळकांड्यांचे इंजिन काढले. त्यातले काही बोल्ट शेगडीच्या बोल्टांसारखे दिसत, म्हणून लोकांनी त्याला ‘स्टोव्हबोल्ट’ असे घरगुती नाव ठेवले. १९४७ साली आलेल्या पिकअपमध्ये याच घराण्यातले सुमारे साडेतीन लिटरचे इंजिन होते आणि त्याची ताकद होती अवघी ९० अश्वशक्ती. आज याहून लहान इंजिने कितीतरी अधिक शक्ती देतात. परंतु या जुन्या इंजिनावर दाब कमी, फेरे कमी, म्हणून झीजही संथ. दांड्याचे बेअरिंग झिजून सैल पडले की मधली पातळ पत्री काढावयाची आणि बोल्ट पुन्हा आवळावयाचे. बेअरिंग पुन्हा नीट बसे. हे काम गोठ्यातही होऊ शके. बॉनेट उघडले की कार्बुरेटर, प्लग, तेलाचा मार्ग सारे डोळ्यांना दिसे, आणि इंजिनाच्या बाजूला हात घालण्यास भरपूर मोकळी जागा असे. काही पिकअपमध्ये पहिला गिअर इतका संथ असे की, हिवाळ्यात गुरांना वैरण घालताना शेतकरी गाडी त्या गिअरमध्ये टाकून देई, स्वतः मागच्या साट्यात चढे, आणि गाडी आपली आपण मुंगीच्या पावलाने चालत असता दोन्ही बाजूंना गवत टाकीत जाई.

या गाड्यांची खरी परीक्षा युद्धकाळात झाली. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत नागरिकांसाठी मोटारी बनविणे थांबविण्यात आले. टायर व पेट्रोल शिधापत्रिकेवर गेले. ताशी ३५ मैलांची वेगमर्यादा आली. हातात आहे ती गाडी जगविण्यावाचून शेतकऱ्याला गत्यंतर उरले नाही. युद्ध संपल्यावर डॉज कंपनीने सैन्यासाठी बनविलेल्या ट्रकच्या धर्तीवर १९४६ साली ‘पॉवर वॅगन’ विक्रीस आणली. चारही चाकांना जोर आणि पुढे दोर ओढणारे रहाट घेता येण्याची सोय, असे हे दणकट वाहन १९६८ पर्यंत अमेरिकेत जवळजवळ त्याच रूपात विकले गेले.

येथे एक विरोध ध्यानात घेण्याजोगा आहे. याच डेट्रॉईटच्या कारखानदारांनी मोटारींच्या बाबतीत दर वर्षी नवे रूप काढण्याची प्रथा पाडली होती. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० नंतरच्या दशकात हे धोरण रूढ केले. शेजाऱ्याची गाडी नवी दिसली की आपली जुनी वाटावी, हे त्यामागचे मर्म. व्हॅन्स पॅकार्ड यांनी १९६० साली ‘द वेस्ट मेकर्स’ या पुस्तकात अशा उधळपट्टीवर कडक टीका केली. मग त्याच मालकांचे पिकअप वर्षानुवर्षे तेच का राहिले? १९४७ चा शेव्हरोले पिकअप १९५५ च्या आरंभापर्यंत थोड्याफार फरकाने तसाच विकला जात होता. कारण उघड आहे. मोटर घेणारा ऐट विकत घेत होता, पिकअप घेणारा काम. कामाच्या माणसाला नव्या नक्षीपेक्षा जुना सुटा भाग मिळणे मोलाचे असते. रूप बदलले नाही म्हणून भाग बदलले नाहीत, आणि भाग बदलले नाहीत म्हणून एका गाडीच्या मरणातून दुसरीला जीवदान मिळत गेले.

सुट्या भागांचे हे महत्त्व आपल्या मुंबईनेही पाहिले आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडी येथे परदेशातून आलेले भाग जुळवून गाड्या उभ्या करण्याचा कारखाना काढला. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज व फार्गो ट्रक बांधले. स्वातंत्र्यानंतर सरकारने स्पष्ट केले की, नुसती जुळवाजुळव पुरे नाही, भागही येथेच बनले पाहिजेत. जनरल मोटर्सने १९५४ साली काम आवरले, प्रीमियर राहिली. ज्या देशात यंत्राचा भाग बनतो, त्या देशातच ते यंत्र निश्चिंतपणे म्हातारे होऊ शकते, हे त्या धोरणामागचे सूत्र होते.

तथापि जुन्याचे गुणगान करताना दोन सावधगिऱ्या बाळगल्या पाहिजेत. पहिली अशी की, आज जे पिकअप दिसतात ते उरलेले आहेत. त्यांच्याबरोबर बनलेले बहुसंख्य भाऊबंद केव्हाच भंगारात वितळून गेले. गडावरचा एक बुरूज शाबूत पाहून सगळाच गड अभेद्य होता असे अनुमान काढणे बरे नव्हे. उत्तरेकडील राज्यांत बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. तेथे तेच लोखंड गंजून चाळणी झाले. कोरड्या पश्चिमेत ते तगले. तेव्हा लोखंड निराळे होते हे उत्तर पुरेसे नाही. हवा निराळी होती, हेही त्यात मिळविले पाहिजे.

दुसरी सावधगिरी अधिक गंभीर आहे. या गाड्यांत सुरक्षिततेचे पट्टे नसत. सुकाणूचा ताठ दांडा अपघातात चालकाच्या छातीवर येई. ब्रेकची नळी एक, ती फुटली की चारही चाके मोकळी. धुराबरोबर शिसे हवेत जाई. १९६६ साली वाहनांच्या सुरक्षिततेचा आणि १९७० साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, तो कोणाच्या लहरीखातर नव्हे. गाडी टिकली आणि माणूस गेला, तर त्या टणकपणाचे कौतुक कोणी करावे?

परंतु सुधारणेबरोबर आणखी एक बदल न सांगता आला. इंजिनाचा कारभार हळूहळू संगणकाकडे गेला. १९९६ पासून अमेरिकेतील प्रत्येक नव्या मोटारीत व हलक्या ट्रकमध्ये दोष सांगणारी ठराविक संगणक-व्यवस्था सक्तीची झाली. योगायोग असा की, १९६५ पासून फोर्डच्या ट्रकांत राबणारे सहा नळकांड्यांचे प्रसिद्ध ४.९ लिटरचे इंजिन पिकअपमधून निघाले तेही १९९६ सालीच. संगणकाने धूर कमी केला, पेट्रोल वाचविले, हे नाकारता येणार नाही. प्रश्न एवढाच उरला की, त्या संगणकाची किल्ली कोणाजवळ राहणार? मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी मोटारींच्या दुरुस्तीची माहिती मालकाला व स्वतंत्र मिस्त्रीला मिळाली पाहिजे, असा कौल दिला. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीच्या यंत्रांसाठी तसाच कायदा केला. तो करण्याची पाळी यावी, यातच सारे आले. सुगीच्या दिवसांत ट्रॅक्टर अडून बसावा आणि शेतकऱ्याच्या हातात पाना असून त्याला काही करता येऊ नये, ही वेळ त्याच्या आजोबावर आली नव्हती.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. जुन्या पिकअपचे आयुष्य अर्धे त्याच्या जाड तुळयांत होते आणि अर्धे त्याच्या मालकाच्या हातात. ज्याचे इंजिन दोनदा बदलले, साटा नवा बसविला, पाटे तीनदा आवळले, त्या ट्रकला शेतकरी ‘आजोबांचा ट्रक’ म्हणतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. कारण आजोबांकडून नातवाकडे आले ते नुसते लोखंड नव्हे. ते कसे उघडावे, कोठे कान लावून ऐकावे, कोणता बोल्ट किती आवळावा, ही विद्याही त्याबरोबर आली. धुराचा आणि अपघाताचा तो काळ परत यावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु आपण विकत घेतलेली वस्तू आपल्याला उघडता यावी, हा त्या काळातला साधा व्यवहार मात्र टाकून देण्याजोगा नव्हता. आपल्या घरांतही आज अशी अनेक यंत्रे आहेत. त्यांतले एखादे बिघडेल, त्या दिवशी ते उघडण्याचा पाना कोणाच्या हातात आहे, हे प्रत्येकाने पाहावे, आणि तो आपल्या हातात नसेल तर का नाही, हे विचारावे.