पाणीवाटप, सामुदायिक (महाराष्ट्रातील)

गावाने किंवा लाभधारक शेतकऱ्यांनी सामाईक पाणीसाठ्याची उभारणी, देखभाल व वाटप आपसांत ठरविलेल्या नियमांनुसार करण्याच्या पद्धतीस सामुदायिक पाणीवाटप म्हणतात. महाराष्ट्रात या पद्धतीचा इतिहास निदान तीन शतकांचा आहे. खानदेश व नाशिक भागांतील फड पद्धती, पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव, १९७२ च्या दुष्काळानंतर उदयास आलेली पाणी पंचायत, राळेगण सिद्धी व हिवरे बाजार या गावांतील प्रयोग आणि २००५ च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या पाणीवापर संस्था हे तिचे प्रमुख टप्पे होत. पाणी अडविणे हे मुख्यतः बांधकामाचे काम आहे. अडविलेले पाणी कोणी, किती व कोणत्या पिकासाठी वापरावे, हा मात्र सामाजिक कराराचा प्रश्न आहे. या सर्व प्रयोगांचे यशापयश प्रामुख्याने या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिल्याचे दिसते.

नैसर्गिक पार्श्वभूमी : सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा विस्तीर्ण पट्टा आहे. नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), पुणे, सातारा, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांचे अनेक तालुके त्यात मोडतात. येथे वार्षिक पर्जन्यमान सर्वसाधारणपणे ५० ते ७० सेंमी. असून तो पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात व अनियमितपणे पडतो. राज्याचा सु. ८०% भाग बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. या खडकात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत. त्यामुळे भूजलाचा साठा मर्यादित असतो आणि एका विहिरीतील उपशाचा परिणाम शेजारच्या विहिरीवर लवकर होतो. अशा प्रदेशात एका शेतकऱ्याचे पाणी दुसऱ्याच्या वागणुकीवर अवलंबून असते. सामुदायिक नियमांची गरज मूलतः या वस्तुस्थितीतून निर्माण झाली.

फड पद्धती : तापीच्या खोऱ्यातील पांझरा आणि गिरणेला मिळणाऱ्या मोसम, आरम यांसारख्या नद्यांवर, सध्याच्या धुळे व नाशिक जिल्ह्यांत, ही पद्धती विकसित झाली. ती ३०० ते ४०० वर्षांपूर्वीची मानली जाते. नदीवर दगडी बंधारा घालून पाणी अडवीत व ते पाटाने शेतापर्यंत नेत. पाटांची लांबी साधारणपणे २ ते १२ किमी. असे. पाटाखालील सर्व जमिनीचे तीन-चार भाग पाडलेले असत. अशा प्रत्येक भागास ‘फड’ म्हणतात. फडाचे क्षेत्र १० पासून २०० हेक्टरांपर्यंत आढळते. मुख्य पाटातून चाऱ्यांद्वारे पाणी फडात जाई व जादा पाणी सांडव्यावाटे पुन्हा नदीस मिळे.

या पद्धतीचे वैशिष्ट्य पीकनियोजनात आहे. एका फडात एका हंगामात एकच प्रकारचे पीक घेतले जाई. कोणत्या फडात ऊस लावावा, कोणत्या फडात हंगामी पिके घ्यावीत व कोणता फड पडीक ठेवावा, हे गावकरी दर वर्षी एकत्र बसून ठरवीत. पिकांचा फेरपालट सर्व फडांतून होत असल्याने जमिनीचा कस टिकून राही. एकाच पिकाला एकाच वेळी पाणी द्यावयाचे असल्याने पाळ्यांचा हिशेब सोपा होई आणि पाण्याची नासाडी कमी होई. बहुतेक शेतकऱ्यांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असे. त्यामुळे नदीला पाणी कमी आले, तर भिजणाऱ्या फडांची संख्या कमी केली जाई. अशा वेळी टंचाईचा भार एकट्यादुकट्यावर न पडता सर्वांवर विभागला जाई.

व्यवस्थेसाठी गावाने नेमलेले सेवक असत. पाटकरी शेतांना पाणी देई, जागल्या पिकांची राखण करी व हवालदार या दोघांच्या कामावर देखरेख ठेवी. आपल्या शेताला पाणी देण्याचे काम शेतकऱ्याच्या हाती नसे. ते पाटकऱ्याकडे असल्याने रात्री-अपरात्री पाणी वळवून घेण्याच्या प्रकारांना आळा बसे. या सेवकांचा मोबदला पूर्वी धान्याच्या रूपाने दिला जाई. हंगामापूर्वी पाटातील गाळ काढणे व डागडुजी करणे ही कामे लाभधारक श्रमदानाने करीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नद्यांच्या वरच्या भागांत झालेली धरणे, पंप बसविलेल्या खाजगी विहिरी आणि जमिनींचे तुकडीकरण यांमुळे ही पद्धती क्षीण झाली. तिच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात : पाण्यावरील हक्क जमिनीशी जोडलेला असल्याने भूमिहीनांना तीत स्थान नव्हते.

मालगुजारी तलाव : भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत भातशेतीसाठी बांधलेल्या तलावांची मोठी परंपरा आहे. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्यास त्याखाली भिजणारी जमीन देण्याची प्रथा होती. या कामात कोहळी समाजाने विशेष कौशल्य मिळविले. तलावाच्या पाण्यावर भात व ऊस होई, धीवर समाज मासेमारी करी आणि गावकऱ्यांचे निस्ताराचे, म्हणजे घरगुती वापराचे व गुराढोरांचे, हक्क रूढीने मान्य असत. ब्रिटिश अंमलात मालगुजारी पद्धत रूढ झाल्यावर तलावांची मालकी व देखभाल मालगुजारांकडे राहिली. ही व्यवस्था समतेची नव्हती. पण गाळ काढण्याची व पाळ दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची, हे तीत निश्चित होते.

मध्य प्रदेश राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली व तलाव शासनाच्या ताब्यात गेले. पुढे मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे व लहान तलाव जिल्हा परिषदांकडे आले. हे परिवर्तन सामाजिक न्यायाच्या दृष्टीने आवश्यक होते. तथापि मालगुजाराची जबाबदारी गावाकडे सोपविली गेली नाही. परिणामी अनेक तलाव गाळाने भरले व त्यांवर अतिक्रमणे झाली. ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावाने ते आजही ओळखले जातात. अलीकडच्या काळात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थांनी धीवरांच्या पारंपरिक ज्ञानाच्या साह्याने काही तलावांत स्थानिक पाणवनस्पतींची पुन्हा लागवड केली व देशी माशांचे संवर्धन केले.

कायदा, विहीर व ऊस : भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ अन्वये जमिनीच्या मालकास आपल्या जमिनीखालील पाणी उपसण्याचा हक्क मान्य झाला. मोट व रहाट यांच्या काळात उपशाला बैलांच्या शक्तीची मर्यादा असल्याने या हक्काचे परिणाम फारसे जाणवले नाहीत. ऑइल इंजिने, विजेचे पंप व त्यानंतर विंधन विहिरी यांच्या प्रसाराने ही मर्यादा नाहीशी झाली. त्याच काळात सहकारी साखर कारखानदारी वाढली. आडसाली ऊस सु. १८ महिने शेतात उभा राहतो व त्यास उन्हाळ्यातही पाणी लागते. त्यामुळे ज्याच्याकडे खोल विहीर व भांडवल आहे, त्याच्याकडे गावचे पाणी ओढले जाऊ लागले.

पाणी पंचायत : १९७० ते १९७३ या काळातील, विशेषतः १९७२ च्या, दुष्काळाने महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनावर खोल परिणाम केला. दुष्काळी कामांतून रोजगार हमी योजनेला चालना मिळाली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला. या दुष्काळात पुण्यातील अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे (१९३७–२००२) यांनी पुरंदर तालुक्यातील परिस्थिती पाहिली. त्यांनी व त्यांच्या पत्नी कल्पना साळुंखे यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन करून १९७४ मध्ये नायगाव येथे देवस्थानची सु. १६ हेक्टर उजाड जमीन खंडाने घेतली व तेथे बांधबंदिस्ती, पाझर तलाव व विहीर यांच्या साह्याने शेती करून दाखविली. या अनुभवातून १९७९ च्या सुमारास पाणी पंचायतीचे नियम आकारास आले.

ते नियम पुढीलप्रमाणे होते : पाणीयोजना व्यक्तीची नसून गटाची असावी, पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरविता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवावा (दरडोई अर्धा एकर, मात्र एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर), पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येऊ नये, भूमिहीनांनाही पाण्यात वाटा असावा, ऊस, केळी यांसारखी बारमाही पिके घेऊ नयेत, आणि योजनेच्या खर्चाचा २०% भाग लाभधारकांनी स्वतः द्यावा. उर्वरित खर्चापैकी ५०% शासकीय अनुदान व ३०% प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज अशी मांडणी होती. पाणीवाटपासाठी येथेही पाटकरी नेमला जाई. जमीन व पाणी यांची फारकत करणे हा या नियमांतील सर्वांत मूलगामी भाग होय. फड पद्धतीतील उणीव त्याने दूर केली. पुरंदर व आसपासच्या तालुक्यांत अनेक उपसा योजना या नियमांनी सुरू झाल्या. वाढते वीजबिल, आटणारे पाणीसाठे व नगदी पिकांचे आकर्षण यांमुळे त्यांपैकी बऱ्याच पुढे बंद पडल्या. परंतु समन्यायी वाटपाची कल्पना राज्यभर पोहोचली.

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळवडी व तांदुळवाडी येथील शेतकऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात बांधलेले बळीराजा स्मृती धरण हे याच विचाराचे दुसरे उदाहरण होय. नदीपात्रातील वाळूच्या बेसुमार उपशाविरुद्ध त्यांनी लढा दिला आणि मर्यादित वाळूविक्रीतून धरणासाठी निधी उभारला. प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान वाटा हे तत्त्व त्यांनी स्वीकारले. भारत पाटणकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या चळवळीतून पुढे दुष्काळी तालुक्यांत समान पाणीवाटपाची मागणी पुढे आली.

राळेगण सिद्धी व हिवरे बाजार : अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात असलेल्या राळेगण सिद्धी येथे अण्णा हजारे यांनी १९७५ पासून पाणलोटविकासाचे काम सुरू केले. नालाबांध, पाझर तलाव व वृक्षलागवड यांबरोबर श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व कुटुंबनियोजन या नियमांवर भर देण्यात आला. येथे गटांनी सामाईक विहिरी खोदून पाण्याच्या पाळ्या ठरविल्या. राज्य शासनाची आदर्श गाव योजना (१९९२) या अनुभवाच्या आधारे आखली गेली.

त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. १९९४ मध्ये गावाची आदर्श गाव योजनेत निवड झाली. येथे शेतीसाठी विंधन विहीर घेण्यास आणि ऊस व केळी लावण्यास ग्रामसभेने बंदी घातली. पावसाळा संपल्यावर पडलेला पाऊस व विहिरींची पातळी मोजून गावचा ‘पाण्याचा ताळेबंद’ मांडला जातो. माणसे, गुरे व घरगुती वापर यांसाठी लागणारे पाणी प्रथम बाजूला काढले जाते आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीत कोणती पिके किती क्षेत्रावर घ्यावीत हे ठरते. कमी पावसाच्या वर्षी रब्बीचे क्षेत्र कमी केले जाते. फड पद्धतीत टंचाईच्या वर्षी फड कमी करण्याचा जो संकेत होता, त्याच्याशी या नियमाचे साम्य स्पष्ट आहे. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

कायदेशीर मान्यता : १९९० नंतर नाशिक जिल्ह्यात बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या प्रेरणेने शासकीय कालव्यांवर पाणीवापर संस्था निघाल्या, वाघाड प्रकल्पात कालव्यावरील सर्व संस्थांनी एकत्र येऊन व्यवस्थापन स्वीकारले. महाराष्ट्र सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ या कायद्याने अशा संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी घेण्याचा व ते सभासदांत वाटण्याचा अधिकार दिला. संस्थेच्या संचालकांत कालव्याच्या शिरोभागातील, मध्यभागातील व पुच्छभागातील शेतकऱ्यांना, तसेच स्त्रियांना प्रतिनिधित्व असावे, अशी त्यात तरतूद आहे. जुन्या पद्धतींत स्त्रियांना निर्णयात स्थान नव्हते. या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे. भूजलासाठी २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २०१४ मध्ये अंमलात आला.

मूल्यमापन : २०१४ ते २०१९ या काळातील जलयुक्त शिवार अभियान व २०१६ पासून पाणी फाउंडेशनने घेतलेल्या वॉटर कप स्पर्धा यांमुळे पाणी अडविण्याच्या कामाला मोठी गती मिळाली व हजारो गावकरी श्रमदानास उतरले. तथापि नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२० मधील अहवालात, गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात जलयुक्त शिवार अभियानाला मर्यादितच यश आल्याचे नमूद आहे. वाढलेल्या पाण्याच्या वापरावर बंधन नसेल, तर ते पाणी अधिक खोल विहिरींकडे व अधिक पाणी पिणाऱ्या पिकांकडे जाते आणि उन्हाळ्यात गाव पुन्हा टँकरवर अवलंबून राहते. फडाची वार्षिक बैठक, पाणी पंचायतीचा माणशी वाटा व हिवरे बाजारचा ताळेबंद यांत पाणी वापरण्यापूर्वीच त्याची विभागणी ठरत असे, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारी व्यवस्था गावात असे. जेथे ही व्यवस्था नाहीशी झाली किंवा निर्माणच झाली नाही, तेथे चांगले बांधलेले बंधारे व तलावही फार काळ उपयोगी पडले नाहीत.