मास्तरांना शिकवायचं कुणी? हंटर आयोगापासून कोसबाडच्या टेकडीपर्यंत

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.)

शाळेचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "मास्तरांना चांगलं ट्रेनिंग द्यायला पाहिजे." दुसरं, "ही सारखी ट्रेनिंगं कशाला? मास्तर वर्गात कधी असणार?" पुष्कळदा दोन्ही वाक्यं एकाच पारावर, एकाच माणसाच्या तोंडून निघतात. आणि दोन्ही खरी असतात. हा गुंता आजचा नाही, चांगला पावणेदोनशे वर्षांचा आहे. म्हणून जरा मागे जाऊ.

इंग्रजी अमदानी येण्याआधी गावात पंतोजीची शाळा असायची. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, पाढे घोकायचे, थोडं मोडी आणि हिशेब. पंतोजीला 'शिकवायचं कसं' हे कुणी शिकवलेलं नसे. सरकारी मराठी शाळा निघाल्या, छापील पुस्तकं आली, तेव्हा लक्षात आलं की स्वतःला येणं वेगळं आणि दुसऱ्याला शिकवता येणं वेगळं. मुंबईत १८४५ साली शिक्षक तयार करण्यासाठी नॉर्मल वर्ग निघाला, त्याची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांकडे होती. 'दर्पण'कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, शिक्षकांचे शिक्षक म्हणून फारसं नाही.

सावित्रीबाईंचंही तसंच. 'पहिल्या शिक्षिका' हे आपल्या तोंडात बसलंय. पण त्या रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिका होत्या, हे सांगायचं राहून जातं. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिकवण्याचे धडे घेतले. नुसतं धाडस नव्हतं, धाडसामागे तयारी होती.

आता १८८२ साल. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी सगळ्यांना माहीत असते. पण त्याच निवेदनात शिक्षकांबद्दल जे आहे, ते आजच्या प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर असायला हवं. फुले म्हणतात, प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक प्रशिक्षण न घेतलेले आहेत आणि त्यांचा पगार दहा रुपयांच्या वर क्वचितच जातो. यावर उपाय काय? शिक्षक प्रशिक्षित हवा. तो शक्यतो शेतकरी वर्गातून यावा. गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये आणि त्याने साध्या लोकांत सहज मिसळावं. आणि त्याला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नये, मोठ्या गावात पंधरा ते वीस. ज्याची मुलं जास्त संख्येने पास होतील, त्याला वर भत्ता.

म्हणजे प्रशिक्षण, पगार आणि प्रतिष्ठा या तीन गोष्टी फुल्यांनी सुट्या केल्या नाहीत, एकत्र मागितल्या. आपण नंतर नेमकं उलटं केलं. पगाराचा विषय आंदोलनाचा झाला, प्रशिक्षणाचा विषय परिपत्रकाचा झाला आणि प्रतिष्ठेचा विषय शिक्षकदिनाच्या भाषणाचा.

त्याच निवेदनातली आणखी एक गोष्ट. शिक्षकाला गावाच्या हिशेबाची तपासणी, दस्तनोंदणी, गावचं पोस्ट अशी कामं द्यावीत, असंही फुले सुचवतात. हेतू हा, की त्यामुळे गावात त्याचं वजन वाढावं. आजही शिक्षकाकडे शिकवण्यापलीकडची कामं आहेतच: जनगणना, निवडणूक, मतदारयाद्या, शिवाय रोज ऑनलाइन भरायची माहिती. पण त्याने त्याचं वजन वाढतं, की वर्गातला वेळ जातो, हे कुणाही गुरुजींना विचारा.

आणि तपासणी? वर्षातून एकदा येऊन उपयोग नाही, तीन महिन्यांतून एकदा तरी या आणि अधूनमधून न कळवता या, असं फुल्यांचं म्हणणं. 'साहेब येणार' म्हणून फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या शाळा त्यांनी तेव्हाच ओळखल्या होत्या.

इथून त्रेसष्ट वर्षं पुढे, १९४५ साली, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला जाऊ. याच वर्षी त्या पट्ट्यात वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, त्या बालशिक्षणातला वीसेक वर्षांचा अनुभव घेऊन. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं होतं. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला होता. माँटेसरीची पद्धत त्यांना पुरेपूर माहीत होती. पण माँटेसरीची साधनं म्हणजे रेखीव लाकडी ठोकळे, मनोरे, दांड्या. ती महागडी पेटी खेड्यातल्या शाळेला परवडणार कशी?

ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी पेटीची वाट पाहिली नाही. समुद्र जवळ होता, शिंपले होते. झाडाखाली बिया होत्या. खडे, पानं, फुलं, माती, बांबू होते. लहानमोठं, जडहलकं, खरबरीत-गुळगुळीत, एक-दोन-तीन, हे सगळं त्यातून शिकवता येतं. इथे एक लक्षात घ्या. शिंपला हे 'शैक्षणिक साहित्य' आपोआप होत नाही. माँटेसरीची दांडी मुलाला नेमकं काय शिकवते, हे ज्या बाईंना कळलंय, त्याच शिंपल्याकडून ते काम करून घेऊ शकतात. म्हणजे स्वस्त साधनामागे महागडी गोष्ट होती, ती म्हणजे शिक्षकाची समज.

वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ साली देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा हाच शब्द सरकारी झाला.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे नवी अडचण आली. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, म्हणून शाळेत येत नाही. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तीच विकासवाडी. मुलगा गुरं राखायला जातो? मग शाळा कुरणात, ती कुरणशाळा. आणि याच ठिकाणी नव्या सेविका-शिक्षिका तयार होत होत्या. मुलं समोर, अडचण समोर आणि तोडगा काढणाऱ्या बाईही समोर. प्रशिक्षण म्हणजे दुसरं काय असतं हो?

आता आजचं बघू. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. मोबाईलवर 'दीक्षा' आहे, व्हिडिओ आहेत, प्रमाणपत्रं आहेत. यात वाईट काही नाही. दुर्गम पाड्यावरच्या शिक्षकाला घरबसल्या चांगला पाठ बघता येतो, ही मोठी सोय आहे. पण तास मोजणं सोपं असतं आणि वर्गात काय बदललं हे बघणं अवघड. म्हणून यंत्रणा तास मोजते.

दहाएक वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांचं नाव राज्यभर झालं. मुलं जमिनीवर बसून खडे, बिया, बाटल्यांची झाकणं घेऊन आपापलं शिकताहेत, हे बघायला ठिकठिकाणचे शिक्षक तिथे गेले. शिक्षकाने शिक्षकाचा वर्ग बघितला आणि परत जाऊन स्वतःच्या वर्गात करून पाहिलं. पुढे त्याची नक्कलही झाली. कुठे कुठे फरशीवर रंग आला, मागची समज आली नाही. रंग आदेशाने येतो, समज येत नाही.

माझं म्हणणं इतकंच. प्रशिक्षण रद्द करा, असं अजिबात नाही. ते सभागृहातून उचलून वर्गात आणा. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात ७५ टक्के पालक असतात. म्हणजे तुम्ही-आम्हीच. पुढच्या बैठकीत पोषण आहार आणि कंपाउंडच्या भिंतीबरोबर हे तीन प्रश्नही विचारा:

१. आपल्या बाई किंवा गुरुजी मागच्या प्रशिक्षणाहून आले, त्यानंतर त्यांच्या वर्गात कुणी बघायला, मदत करायला आलं का?

२. शाळेला मिळालेल्या साहित्याच्या पेट्या उघडल्या आहेत, की कपाटात कुलपात आहेत? 'हरवलं तर भरून कोण देणार' ही भीती असेल, तर ती समितीनेच ठराव करून काढावी.

३. तालुक्यातली एखादी चांगली शाळा दोन दिवस बघून यायला आपल्या शिक्षकांना पाठवता येईल का? त्या दोन दिवसांत वर्ग सांभाळायला गावातली शिकलेली मुलं-मुली पुढे येतील का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शासनाकडे नाही, आपल्याकडेच आहे.